प्रत्यक्षावरून

अबू धाबीत बसून जुन्या उस्तादाचा ख्रिस्त रंगवतेय म्हटलं, की लोक लगेच लिओनार्दोच्या ‘साल्वातोर मुंडी’चं नाव काढतात. पंचेचाळीस कोटी डॉलरचं ते चित्र इथल्या लूव्रमध्ये येणार असं 2017 साली जाहीर झालं, पुढच्या वर्षी अनावरण लांबणीवर पडलं आणि ते काही भिंतीवर लागलं नाही. न दिसलेल्या चित्राची प्रत कोण करणार! माझा ख्रिस्त सादियात बेटावरच्या त्याच संग्रहालयातला, पण रेम्ब्रांटचा. ओकच्या फळीवर, वहीच्या पानाएवढा, हात गुंफून असलेला एक तरुण.

आधी अंबरचा पातळ थर, उजेडाच्या जागी जाड पांढरा, मग पारदर्शक थरावर थर. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्तच हवं, नाहीतर पुढे भेगा पडतात. रेम्ब्रांटचा पांढरा शिशाचा, विषारी. माझा टिटॅनियमचा. त्यात किंचित यलो ऑकर घातल्याशिवाय कपाळ जिवंत वाटत नाही.

हे सगळं शिकता येतं. अडतं ते चेहऱ्यापाशी. लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं रविवर्म्याच्या छापखान्यातून, आधी मुंबईहून, मग मळवलीहून, घरोघर गेली आणि देव असेच दिसतात हे आपण धरून चाललो. युरोपातही ख्रिस्ताचा साचा ठरलेलाच होता. रेम्ब्रांटनं मात्र अॅमस्टरडॅममधल्या आपल्या शेजारचा एक ज्यू तरुण समोर बसवला, असं मानतात. 1656 मध्ये त्याचं दिवाळं निघालं, घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली. तीत ख्रिस्ताचं एक मुख ‘प्रत्यक्षावरून’ काढल्याची नोंद आहे. सोळाशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं, प्रत्यक्षावरून! एवढी धीट नोंद कुठल्या कारकुनानं क्वचितच केली असेल.

ती वाचल्यावर नुसत्या फोटोवरून बोटं रंगवण्यात मन लागेना. आमच्या इमारतीचा नातूर, म्हणजे राखणदार, पेशावरकडचा. चेहरा नको, हात काढा, म्हणाला आणि दिव्याखाली बसला. बोटं जाड, नखांच्या कडा फाटलेल्या. रेम्ब्रांटनं हात थोडक्यात उरकलेत असं मला वाटायचं. पण गुंफलेल्या हातांचं वजन मनगटांवर येतं, बोटं सैलच राहतात, हे नातूरकडे पाहताना दिसलं. रेम्ब्रांटनंही तेवढंच रंगवलंय.

माझी प्रत काटेकोर म्हणता येणार नाही. चेहरा मुळावरून, हात नातूरचे. ते बदलायचा माझा विचार नाही. मूळ फळीच्या खालच्या कडेला अंगठ्याचे ठसे सापडलेत, ते रेम्ब्रांटचेच असावेत असा कयास आहे. सादियातला गेलात आणि ते चित्र भिंतीवर असलं, तर घुमटाखालचे फोटो आटोपून तिथे जरा थांबा. चेहरा नंतर बघा, आधी हात.