तलंगेचे पहिले अंडे

नांदेडच्या गाडीपुऱ्यातील बिऱ्हाड मोडून मावशींना कायमचे लातुरास आणावयाचे ठरले, तेव्हा दस्तऐवज, भांडीकुंडी आणि देवघर यांची तजवीज लागली, तरी खुराड्यातील कोंबड्यांचा प्रश्न उरलाच. शेजारच्या घरी त्या देण्यास मावशी राजी झाल्या. मात्र ज्या तलंगेने नुकतेच पहिले अंडे घातले होते, तिचे ते अंडे कुणाच्याही ताटात जाता कामा नये, ते घरात जन्मभर राहिले पाहिजे, अशी सक्त ताकीद त्यांनी मला दिली. तलंगेचे पहिलटकरी अंडे असते तसेच हेही लहानखुरे होते; रंग फिकट बदामी, आणि निमुळत्या टोकाशी चार-दोन तपकिरी ठिपके. ज्वारीने भरलेल्या डब्यात ते मध्यभागी पुरून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने आम्ही लातुरास सुखरूप आणले.

अंडे जसेच्या तसे ठेवावे, असा मावशींचा आग्रह होता. परंतु कवचास हजारो सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून आतला ओलावा बाहेर पडतो, बाहेरचे जंतू आत शिरतात, आणि मराठवाड्याच्या वैशाखात नासलेल्या अंड्यात वायू कोंडून ते केव्हा फुटेल याचा भरवसा नसतो. नाशवंत आहे ते आतले द्रव्य. कवच बहुतांशी चुनखडीचेच, म्हणून चिवट. खानदेशात पाटणे येथील उत्खननात रेषा कोरलेला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा सापडला, तो सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचा आहे. मावशींना मात्र खुलताबादचा दाखला अधिक पटला : तेथील हजरत झैनुद्दीन यांच्या दर्ग्यात कबरीवर शहामृगाच्या अंड्यांची माळ टांगलेली असे, हे निजामी अमलातील 1884 च्या गॅझेटियरात नमूद आहे. पवित्र स्थळी शोभलेली वस्तू आपल्या घरात का शोभू नये, एवढ्यावर अंडे रिकामे करून केवळ कवच जपण्यास त्यांची संमती मिळाली.

गंजगोलाईतून, जेथे सोळा रस्ते येऊन मिळतात व पोती शिवण्याचे सामान सहज मिळते, एक बारीक दाभण आणले. अंड्याची कमान सर्व बाजूंनी सारखा पडलेला दाब सोसते, एका बिंदूवरचा आघात सोसत नाही. म्हणून दाभण न दाबता, केवळ चिमटीत फिरवीत, दोन्ही टोकांस छिद्रे पाडली आणि रुंद टोकाचे छिद्र, जेथे आत हवेची पोकळी असते, किंचित मोठे केले. आत दाभण घालून बलक मोडला, निमुळत्या टोकाकडून औषधाच्या पिचकारीने हवा सोडली, तेव्हा पांढरे व बलक यांची पिवळसर तार वाटीत उतरू लागली. मावशींची ताकीद ध्यानात ठेवून ते सारे जास्वंदीच्या आळ्यात ओतले. कवच पाण्याने वारंवार विसळले. शिरका हेतुपुरस्सर टाळला, कारण आम्लात चुनखडी विरघळते. सावलीत पूर्ण वाळल्यावर छिद्रे मेणाने बुजविली, अन्यथा आतल्या पापुद्र्यावर मुंग्या व झुरळे येतात.

सोनेरी रंग देण्याची सूचना घरातून झाली, ती मावशींनी नामंजूर केली, आणि मला त्यांचा निवाडा सर्वस्वी योग्य वाटतो. तलंगेच्या देहातच कवचावर चढलेला तो बदामी रंग दुसऱ्या कोणत्याही लेपाखाली झाकणे म्हणजे ज्यासाठी अंडे जपले तेच हरवणे होते. हा रंग उन्हाने विटतो, म्हणून काचेच्या कपाटातील तिरीप न पोचणारा खण निवडला. पावसाळा सरला की मेण तपासणे आणि खणातील कडुनिंबाचा पाला बदलणे, ही कामे मावशींनी स्वतःकडे घेतली आहेत.