गेटची कडी

मलकापुरात, आगाशिवनगरमधल्या आमच्या घराला लोखंडी गेट आहे. त्याची कडी सरकवताना दोन घरं पलीकडं ऐकू जाईल इतका आवाज होतो. २०२० च्या मे महिन्यात एका रात्री दहाच्या सुमाराला माझा थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा त्या गेटबाहेर उभे होते आणि मी ती कडी काढली नाही.

दादा वाशीच्या मार्केटात माथाडी. आमचं मूळ गाव ढेबेवाडी खोऱ्यात. तिथल्या घराघरातून माणसं मुंबईला गेली, मशीद बंदरला आणि वाशीला पाठीवर पोती वाहत राहिली. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटीलही याच खोऱ्यातले, मंद्रुळकोळ्याचे. गावातल्या घरांवर स्लॅब पडला, देवळाचा जीर्णोद्धार झाला, तो या पाठींवरच. मी शिकलो आणि ढेबेवाडी फाट्यावर स्पेअर पार्टचं दुकान टाकलं, तेही दादाच्या पैशानं. आगाशिवनगरचा प्लॉट घेतला तेव्हा अर्धी रक्कम त्यानंच दिली होती.

भीती कशी कशी चढत गेली, ते सांगायला हवं, नाहीतर त्या रात्रीचा मी कुणालाच कळणार नाही. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात यात्रेहून परतलेल्या एकाच घरातले चार जण कोरोनाबाधित निघाले. इस्लामपूर आमच्यापासून तासाभराच्या आत. त्या घराबद्दल मोबाईलवर जे काही फिरत होतं ते मीही वाचलं आणि दोघातिघांना पुढं पाठवलं. एप्रिलच्या अखेरीस बातम्यांत कराड तालुका रोज यायला लागला, वनवासमाची आणि आगाशिवनगर ही नावं यायला लागली. गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे लागले. दूधवाला पलीकडूनच हाक मारायचा. आम्ही आगाशिवनगरचे म्हटल्यावर दुसऱ्या गावातला नातेवाईक फोनवरसुद्धा तुटक बोलायचा. आमची घरं कृष्णा हॉस्पिटलपासून लांब नाहीत. बरं होऊन घरी निघालेल्यांना तिथले डॉक्टर-नर्स टाळ्या वाजवून निरोप द्यायचे, त्याचे व्हिडिओ मी रोज बघायचो. बघताना डोळ्यांत पाणी यायचं. तोच माणूस गल्लीत परतला की मात्र आमच्या खिडक्या बंद व्हायच्या.

ज्यांना लोक टाळतात ते दुसऱ्यांना टाळणार नाहीत, असं वाटतं. तसं काही नसतं. आम्हाला मुंबईवाल्यांची भीती वाटायची.

११ मेला वाशीचं मार्केट आठवडाभरासाठी बंद केलं. तिथं बाधितांची संख्या फार वाढली होती. दादाची खोली कोपरखैरण्याला, चाळीत एकच संडास. त्यानं प्रवासाचा पास काढला, तिघांनी आणखी दोन कुटुंबांबरोबर टेम्पो केला आणि गाव गाठलं. गावच्या वेशीवर कोरोना समितीची माणसं बसली होती. बाहेरून आलेल्यांना ठेवायची शाळा अजून साफ केलेली नाही, उद्या या, म्हणाली. रात्र कुठं काढायची ते कुणी सांगितलं नाही. म्हणून टेम्पो मागं फिरला आणि दादा माझ्याकडं आला.

मी वरच्या गॅलरीत होतो. दादानं मान वर करून हाक मारली. मी खाली उतरलो, पण पायरीपाशीच थांबलो.

"दादा, आईला शुगर हाय. माझी पोरं लहान हायत."

तो म्हणाला, "व्हय."

बस, एवढंच. मी एक बादली पाणी, साबण आणि चपात्यांचं गाठोडं गेटबाहेर ठेवायचं ठरवलं. पण गेट उघडायचं नव्हतं, म्हणून कंपाउंडच्या भिंतीवरून दिलं. आमच्या मलकापूरची चोवीस तास पाणी देणारी योजना बघायला लांबून लांबून लोक येतात. आमच्या नळाला रात्री तीनलाही पाणी असतं. त्या गावात मी सख्ख्या भावाला बादलीत मोजून पाणी दिलं. तिघं तोंडं धुऊन टेम्पोत झोपले. आई आतून दार उघडायला धडपडत होती. मी तिचा हात धरून ठेवला. ती त्या रात्री जेवली नाही, हे मी दादाला दोन वर्षं सांगितलं नव्हतं.

सकाळी ते गावी गेले. डाव्या हाताच्या पाठीवर विलगीकरणाचा शिक्का मारून त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. तिघांतल्या कुणालाही काही झालेलं नव्हतं. मी दोनदा डबा घेऊन गेलो. शाळेच्या भिंतीवर सावित्रीबाई फुल्यांचं चित्र रंगवलेलं आहे. त्या आमच्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. दर ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, हे भाषणात सांगतात, मीही शाळेत सांगितलेलं आहे. त्याच चित्राखालच्या कट्ट्यावर मी डबा ठेवायचो आणि दहा पावलं मागं सरकायचो. मग पुतण्या यायचा आणि डबा उचलून न बोलता आत जायचा. लहानपणी तो मला बघितलं की खांद्यावर चढायचा.

नंतर भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. दादा मुंबईला परतला, मार्केट सुरू झालं. फोन व्हायचे, औषधांबद्दल, सातबाऱ्याबद्दल. सणाला दादा यायचा तेव्हा गेट उघडं असलं तरी बाहेर थांबायचा आणि हाक मारायचा. कुणीतरी जाऊन "या" म्हणेपर्यंत आत पाऊल टाकायचा नाही. मी बायकोला म्हणालो, आता गेट सताड उघडं ठेवत जा. ठेवलं. तरी तो बाहेरच थांबायचा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आई गेली. इतकं जपून, दार बंद करून जिला ठेवलं, तिला दुसऱ्या लाटेत घरातूनच कोरोना झाला. बहुतेक माझ्यामुळं, दुकानातून. बेड मिळाला, ऑक्सिजनही मिळाला, पण अकराव्या दिवशी संपलं. दादा रातोरात आला. मी पॉझिटिव्ह होतो, म्हणून स्मशानात वीस फूट लांब उभा होतो. अंगभर पांढरे पोशाख घातलेल्या नगरपालिकेच्या माणसांनी तिला सरणावर ठेवलं. ती कुणाची कोण, रोज कितीजणांना अशी उचलत होती! आम्हा दोन लेकरांना मात्र तिला हात लावता आला नाही. त्यातल्या एकानं दादाला विचारलं, "तोंड बघायचंय का?" आणि तेवढ्यापुरतं प्लास्टिक बाजूला केलं. दादानं माझ्याकडं बघून हात केला, ये म्हणून. मी पुढं गेलो नाही. या वेळी भीती दुसरी होती, माझ्यामुळं त्याला होईल ही. त्याला ती कळली का, मला माहीत नाही. राख आम्ही प्रीतिसंगमावर सोडली, कृष्णा-कोयनेच्या मेळात, तीही वेगवेगळ्या वेळी जाऊन.

माफी मागायला मला २०२२ उजाडलं. दादाला मोटारसायकलवर गावी सोडायला निघालो होतो. समोरासमोर बसून बोलायची आमच्यात रीत नाही. गाडीवर बरं असतं, एकानं पुढं बघायचं, दुसऱ्यानं त्याच्या पाठीकडं. मी सगळं बोलून टाकलं, आईचा हात धरून ठेवल्याचं, ती उपाशी झोपल्याचंही. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं वाऱ्यात ऐकू गेलं नाही. मग म्हणाला, "तू उघडलं असतंस आन् म्हातारीला काय झालं असतं, तर मी मला माफ केलं नसतं." पुढं घाट चढल्यावर म्हणाला, "पर पोरगं बघत हुतं रं."

त्यानं नेमकं दुखणं दाखवलं. दादाशी माझं जुनं खातं होतं, त्यात चाळीस वर्षांचं जमा होतं. पुतण्याच्या वहीत काकाच्या नावावर ती एकच रात्र ठळक होती.

२०२३ ला त्याला कराडला डिप्लोमाला प्रवेश मिळाला. मी म्हणालो घरी राहा, आजीची खोली रिकामी आहे. त्यानं विद्यानगरात मित्रांबरोबर खोली घेतली. मी आग्रह केला नाही. आग्रहानं माणूस घरात येतो, पण पाहुणा म्हणून. बायको दर रविवारी डबा पाठवायची. कधी मी घेऊन जायचो, आणि या वेळी कट्ट्यावर ठेवून मागं सरकायचो नाही, हातात द्यायचो. पहिले काही महिने तो दारातूनच घ्यायचा. मग एकदा म्हणाला, "काका, चहा करतो." चहा पिताना मी त्याला विचारलं, शाळेत कोंडलं होतं तेव्हा दिवसभर काय करायचास रे?

त्यानं मोबाईलवर एक कोरियन सिनेमा बघितला होता, ट्रेन टू बुसान. मेलेली माणसं उठून जित्यांना चावत सुटतात, धावत्या रेल्वेत. मी म्हणालो, भुताचा का? तो म्हणाला, "भुतांचं काय नाय काका. त्यात एक डबा असतो. वाचलेली सगळी आत असतात. मागनं आणखी काहीजण कसेबसे जीव वाचवून येतात, त्यांना कोण चावलेलं नसतं. तरी आतले दार उघडत नाहीत. आतनं घट्ट धरून ठेवतात."

मी विचारलं, "मग?"

"मग दार तोडून आत येतात. तेवढ्यात एकदोघं जातात." त्यानं कप धुवायला घेतला. "शाळेत मी तो चार वेळा बघितला."

मी त्याला सांगितलं की दार धरणारा मी होतो, मला भीती वाटली होती आणि मी चुकलो. वाक्यं इतकीच. तेरा वर्षांच्या मुलाला जे सांगायला हवं होतं ते सोळा वर्षांच्याला सांगितलं. तो "हां" म्हणाला आणि मला सोडायला खाली आला.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात त्याची खोली गळायला लागली. तो पोतं आणि दोन पिशव्या घेऊन आला. सामान गळत्या खोलीमुळं आलं, हे मला पुरतं ठाऊक आहे. मी त्याचा जास्त अर्थ लावत नाही. पण तो राहिला. आजीच्या खोलीत त्याचं ड्रॉइंगचं टेबल लागलं. माझ्या धाकट्याला गणित शिकवायला लागला. रात्री अभ्यास करून सगळ्यांत शेवटी झोपणारा तोच, म्हणून हळूहळू गेटला कडी लावायचं काम त्याच्याकडं गेलं. तो आवाज अंथरुणातून ऐकताना पहिले काही दिवस मी श्वास धरून असायचो.

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या पहाटे मला जाग आली ती अंगणातल्या नळाच्या आवाजानं. चार वाजले असतील. रात्री कडी वाजल्याचं काही आठवेना. गॅलरीत येऊन बघितलं. गेट उघडं होतं, पोरानं बाप येणार म्हणून कडी लावलीच नव्हती. दादा ट्रॅव्हल्समधून फाट्यावर उतरून चालत आला होता. बॅग पायरीवर ठेवली होती आणि नळ पुरा सोडून, वाकून, तो खळाखळा चूळ भरत होता. माझी चाहूल लागल्यावर वर बघितलं.

"उठलास व्हय," तो म्हणाला. "चहा टाकाय सांग."