उजवीकडचे मास्तर

आमच्या परळच्या चाळीत सगळ्यांना वाटतं, मी अमेरिकेत मोठ्ठं विमान चालवतो. छे! मी मास्तर आहे. छोट्या विमानात डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे मी.

विमान शिकायला परदेशीच जावं लागतं, असं नाही बरं का! जे. आर. डी. टाटा १९२९ साली आपल्या जुहूलाच शिकून वैमानिक झाले. पण इथे विमानतळ हजारोंनी, त्यामुळे उड्डाणाचे तास लवकर साठतात. साधारण २५० तासांनी व्यावसायिक परवाना मिळतो. इथल्या प्रवासी विमानकंपन्यांना मात्र बहुधा १५०० लागतात. मधल्या काळात अनेकजण वेगळी परीक्षा देऊन शिकवतात. डोक्यावर कर्ज असतंच. आई फोनवर विचारते, "एवढं शिकून मास्तरच झालास?"

खरं सांगू? विमान जरा डगमगलं की माझे हात शिवशिवतात. तरी ते मांडीवरच ठेवायचे. कारण एक दिवस मी खाली उतरणार आणि त्याला एकट्याला वर पाठवणार. धोका दिसला तर मात्र क्षणाचाही उशीर नाही. "विमान माझ्याकडे," मी म्हणायचं. "तुमच्याकडे," त्यानं म्हणायचं. "माझ्याकडे," पुन्हा मी. गोंधळ नको!

तुमचं गणित चुकताना दिसूनही बाई गप्प उभ्या राहतात ना? त्यांचेही हात शिवशिवत असतात, बरं!