राजापूर नावाचा मतदारसंघ

देवगड, कणकवली, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यात १९५०च्या दशकात जन्मलेल्या आम्हा मुलांना लोकसभा म्हणजे काय, हे शाळेत कळण्याआधी घराच्या ओटीवर कळलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात संसद फार उशिरा आली. त्याआधी तिन्हीसांजेला दिवा लागला, परवचा म्हणून झाला की आजोबा आणि त्यांचे शेजारी पानाचं तबक मध्ये ठेवून बोलत बसायचे, आणि त्या बोलण्यात ‘नाथ’ हे नाव घरातल्या थोरल्या मुलाचं असावं तसं यायचं. बॅरिस्टर नाथ पै. आमचे खासदार.

‘राजापूर’ हा लोकसभा मतदारसंघ १९५७च्या निवडणुकीत प्रथम आला आणि २००८च्या पुनर्रचनेत गेला. आज तिथे रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ आहे. मधल्या अर्धशतकात तिथे तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि त्यांतून खासदार झाले फक्त चार. नाथ पै तीनदा, मधु दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चारदा. या तेरापैकी काँग्रेस जिंकली ती एकदाच, १९९१ साली. देशात बहुतेक काळ काँग्रेसचं राज्य असताना, हाताशी पैसा नसलेल्या, मनीऑर्डरवर चालणाऱ्या एका मुलखाने हे केलं. कसं केलं, ते आमच्या पिढीने घरात बसून पाहिलं आहे.

नाथ पैंचा जन्म वेंगुर्ल्याचा, १९२२ सालचा. बेळगावात शिकले, लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले, युरोपातल्या समाजवादी तरुणांच्या चळवळीत वावरले आणि परत येऊन प्रजा समाजवादी पक्षाच्या झोपडी या निशाणीवर उभे राहिले. त्यांची सभा म्हणजे आमच्याकडे दशावतारासारखीच रात्र असायची. शेतातली कामं आटोपून, हातात कंदील किंवा चुडत घेऊन, तीन-चार वाड्यांची माणसं चालत यायची. गॅसबत्तीचा फुसफुसता आवाज, पुढे तरटावर पोरं, मागे पुरुष आणि एका अंगाला डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. नाथ पै बोलायला उभे राहिले की संस्कृत श्लोक यायचे, जगातल्या क्रांत्या यायच्या, आणि तेवढ्याच सहजपणे वेंगुर्ल्याचा समुद्रही यायचा. आम्हा पोरांना त्यातलं सगळं कळत नसे. पण समोरचा माणूस आपल्याला अडाणी समजून बोलत नाही, एवढं नक्की कळे.

आजोबांची शाळा चौथीपर्यंतची. पण ‘आमचो नाथ उभो रवलो की नेहरूव आयकत रवतत,’ हे ते प्रत्येक पाव्हण्याला सांगायचे. मुंबईहून वर्तमानपत्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यायचं आणि त्यात लोकसभेतल्या भाषणाची बातमी असली की ती मोठ्याने वाचायचं काम आम्हा मुलांकडे असायचं. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला, तेव्हा तो अधिकार परत मिळावा म्हणून खाजगी विधेयक मांडलं ते नाथ पैंनी. आमच्या ओटीवर त्या विधेयकाची चर्चा झाली, हे आज सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. गावात वीज आली नव्हती, डांबरी रस्ता नव्हता, आणि माणसं घटनादुरुस्तीवर वाद घालत होती. पुढे १९७१ साली चोविसावी घटनादुरुस्ती झाली, ती नाथ पैंनी मांडलेल्या त्याच विचाराला धरून. पण ती पाहायला ते राहिले नव्हते. १८ जानेवारी १९७१ला बेळगावात त्यांचं निधन झालं. सीमालढ्याच्या हुतात्म्यांना अभिवादन करायला ते तिथे गेले होते. त्या दिवशी आमच्या घरात चूल उशिरा पेटली.

या सगळ्यात एक गोष्ट पुष्कळदा सांगायची राहून जाते. हा मतदारसंघ बायकांचा होता. घरटी एक तरी पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत, आणि राहायला गाववाल्यांच्या खोलीत. गावात म्हातारेकोतारे, पोरं आणि बाया. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे आजही पुरुषांपेक्षा बायकांची संख्या जास्त असलेले आहेत. २०११च्या जनगणनेतही तेच दिसलं. म्हणजे मतदानाच्या दिवशी शाळेच्या पडवीत जी रांग लागायची, ती मुख्यतः आमच्या आज्या, आया, काक्या आणि आत्यांची. मुंबईहून चाकरमान्यांची पत्रं यायची. ‘मत अमक्याला घाला’ असं त्यांत लिहिलेलं असायचं. बायका ती पत्रं वाचून घ्यायच्या आणि मग आपसांत ठरवायच्या.

आमच्या आजीची मतदानाची तयारी अजून डोळ्यांसमोर आहे. गावातल्या मास्तरांनी समजावलं होतं की मतपत्रिकेची पहिली घडी उभी घालायची आणि मग आडवी, नाहीतर शिक्क्याची ओली शाई दुसऱ्या निशाणीवर उमटते आणि मत बाद होतं. आजी आदल्या दिवशी जुन्या वर्तमानपत्राचा लांब तुकडा फाडून त्यावर काजळीचं बोट टेकवायची आणि घडी घालून उघडून पाहायची. डाग दुसरीकडे उमटला की पुन्हा. मनासारखं जमेपर्यंत तिने कोणालाही जेवायला वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. परत आल्यावर आम्ही विचारलं, ‘आजी, मत कोणाक घातलंस गे?’ तिने बोटावरची शाई पाहिली आणि म्हणाली, ‘पेटयेत घातलंय. आता ता पेटयेचा.’ गुप्त मतदानाचा याहून चांगला धडा आम्हाला पुढे कोणी दिला नाही.

नाथ पैंच्या निधनानंतर दोनच महिन्यांत निवडणूक होती. पक्षाने प्राध्यापक मधु दंडवते यांना उभं केलं. माणूस अहमदनगरचा, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा. देशात इंदिरा गांधींची लाट होती. त्या लाटेत प्रजा समाजवादी पक्षाचे साऱ्या देशातून दोनच खासदार निवडून आले, आणि त्यांतला एक राजापूरचा होता. परक्या जिल्ह्यातल्या माणसाला आमच्या बायांनी स्वीकारलं, कारण तो नाथ पैंचा वारसा घेऊन आला होता, आणि पुढे तो त्या वारशाला जागला.

आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. त्यानंतरची १९७७ची निवडणूक ही आमच्या पिढीतल्या अनेकांची पहिली. एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय तेव्हा मत नव्हतं. आम्ही शिक्का मारला आणि आमचा खासदार देशाचा रेल्वेमंत्री झाला. त्या वेळी आमच्या मतदारसंघात रेल्वेचा एक रूळसुद्धा नव्हता! कोकणातली कितीतरी माणसं आगगाडी न बघताच म्हातारी झाली होती. दंडवत्यांनी त्या खात्यात जे केलं, ते साऱ्या देशातल्या गरिबांसाठी केलं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी आली. वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस मुंबई-हावडा मार्गावर धावू लागली. आणि कोकणासाठी आपट्यापासून रोह्याकडे लोहमार्गाचं काम सुरू झालं. गावात कोणी ‘आमका काय मिळाला?’ असं विचारलं की आजोबा म्हणायचे, ‘सगळ्या देशाक मिळाला, त्यात आपून इलोच.’

इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या १९८४च्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला मिळाल्या. उरलेल्या पाचांत राजापूर होतं. जवळजवळ तीन वर्षांपूर्वी गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि घरोघरचे चाकरमानी रिकाम्या हाताने परत आले होते. घरात ताटं वाढली आणि मनीऑर्डर थांबली. अशा हलाखीतही घराने मत विकलं नाही, हे आम्ही पाहिलं आहे.

१९९० साली दंडवते अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली डोंगर फोडले गेले. पण पुढच्याच वर्षी दंडवते राजापुरातून हरले. वारं बदललं होतं, नवी पोरं नव्या झेंड्यांमागे गेली होती. २६ जानेवारी १९९८ला रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सगळा मार्ग खुला झाला, त्याआधीच सुरेश प्रभू आमचे खासदार झाले होते. तेही अभ्यासू, आकडेमोडीत पक्के. पहिल्यांदा गाडीत बसलेल्या आमच्या आईने मात्र कणकवली स्टेशनावर हात जोडले ते दंडवत्यांच्या नावाने. दंडवते १२ नोव्हेंबर २००५ला गेले. त्यांनी देहदान केलं होतं.

पुढे मतदारसंघात चिपळूण आणि रत्नागिरी आले आणि नाव बदललं. २००९ साली निलेश राणे, २०१४ आणि २०१९ला विनायक राऊत, २०२४ला नारायण राणे निवडून आले. प्रत्येक पिढीने आपापल्या समजुतीप्रमाणे मत द्यावं, यात वाद नाही. पण आमच्या आजी-आजोबांनी खासदार निवडताना एकच गोष्ट पाहिली: हा माणूस दिल्लीत उभा राहून काय बोलेल? पाखाडी, साकव, नळयोजना ही कामं ग्रामपंचायतीची आणि जिल्ह्याची, हे त्यांना ठाऊक होतं. लोकसभेत मात्र आपला आवाज जावा, तो शुद्ध असावा आणि देशाने ऐकावा, एवढी त्यांची अपेक्षा होती. ते अडाणी नव्हते. त्यांनी पाहिलेली लोकशाही आजच्यापेक्षा गरीब होती, पण तिला मान होता.

म्हणून गावाकडच्या आणि मुंबई-ठाण्यातल्या आमच्या मुला-नातवंडांना सांगणं आहे. ज्यांच्या घरात त्या काळी रांगेत उभी राहिलेली आजी अजून आहे, त्यांनी तिच्याजवळ बसून तिची आठवण लिहून घ्यावी. आणि पुढच्या निवडणुकीत कुठल्याही पक्षाचा उमेदवार तुमच्या खळ्यात आला, तर त्याला चहा जरूर द्या. पण आधी विचारा, ‘लोकसभेत तुम्ही काय बोललात, आणि काय बोलणार?’ आमच्या घरांनी हा प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर देऊ शकतील अशीच माणसं पाठवली होती.