धनुष्याची प्रवासपेटी

मौल्यवान वस्तू विकत घेताना आपण दहा दुकाने फिरतो; ती सुखरूप कशी न्यावी, हा विचार मात्र बहुधा प्रवासाच्या आदल्या दिवशी सुरू होतो. आमची काचसामानाची पेढी आहे. माल धड पोहोचला तरच विक्री झाली, हा आमच्या घरचा पहिला धडा. तरीही कन्येच्या धनुष्यासाठी पेटी निवडताना मला बराच अभ्यास करावा लागला. मुलांना धनुर्विद्येची आवड असलेल्या पालकांना तो उपयोगी पडावा, म्हणून हे चार शब्द.

कन्या रिकर्व्ह धनुष्य वापरते. या प्रकारात ऑलिंपिकमध्ये ७० मीटर अंतरावरील १२२ सेंटिमीटर व्यासाच्या कागदी लक्ष्यावर नेम धरतात. आपल्या सातारा जिल्ह्याचे प्रवीण जाधव टोकियोला याच प्रकारात खेळले. हे धनुष्य सुटे करता येते: मध्ये धातूची मूठ आणि वर-खाली दोन पाती. मूठ २५ इंचांची आणि पाती मध्यम असली, की जोडलेले धनुष्य ६८ इंचांचे होते.

यांत सर्वांत जपावी लागतात ती पाती. लाकडाच्या किंवा फोमच्या गाभ्यावर काचतंतूंचे अथवा कार्बनचे थर चिकटवून ती बनवतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील उष्णतेने थर सुटू शकतात. सततच्या दाबाने पात्याला पीळ पडू शकतो. पाती जोडीने जुळवलेली असल्यामुळे एक बिघडले, तर बहुधा जोडीच बदलावी लागते.

यंदा निवड स्पर्धेसाठी तिला संघाबरोबर, प्रथमच आमच्याशिवाय, पुण्याला गाडी बदलून टाटानगरला जायचे होते. वर्षभराची पहाटेची मेहनत त्या एका पेटीत जाणार होती. माझा कल चाके असलेल्या जड, टणक पेटीकडे होता. कन्या म्हणाली, "बाबा, फलाटाच्या जिन्यावर ती उचलणार कोण?" प्रश्न रास्त होता. विमानात धनुष्यबाण हातसामानात नेता येत नाहीत. सामान इतरांच्या हाती जाते, तेथे टणक पेटीच हवी. मात्र तिचे स्वतःचे वजनही सामानाच्या मर्यादेत धरले जाते. शेवटी टणक कवचाची, पण पाठीवर घेता येणारी पेटी आम्ही पसंत केली. कातड्याचे पट्टे आमच्या घरात चालत नाहीत. विणलेल्या कापडी पट्ट्यांची पेटी सहज मिळाली.

माप घेताना केवळ मूठ मोजून भागत नाही. तोल सांभाळणारा पुढचा दांडा सुमारे ३० इंचांचा असतो. बाणही मुठीहून लांब असतात. म्हणून सर्वांत लांब वस्तू आधी मोजावी. बाण वेगळ्या नळीत ठेवावेत, म्हणजे त्यांची पिसे दबत नाहीत. नेमदर्शक साईट काढून स्वतंत्र कप्प्यात ठेवावी. पात्यांना मऊ कापडी म्यान असावे आणि त्यांवर काहीही जड येऊ नये.

आमचे अण्णा पंचाहत्तरीचे; धनुष्य त्यांनी कधी हाती धरले नाही. पण भरलेली पेटी पाहून त्यांनी ती बंद करवली, दोन्ही हातांनी हलवली आणि कान लावला. आतून बारीक खडखड आली. "कवच बाहेरच्या धक्क्यासाठी. आतला माल एकमेकांवर आपटला, तर कवच काय करणार?" असे म्हणून त्यांनी दांड्याभोवती स्पंजची पट्टी बसवली. आवाज थांबला. काचेच्या पेट्या त्यांनी आयुष्यभर याच कसोटीवर रवाना केल्या होत्या, आणि कोणतीही पेटी घेताना मी आता हीच कसोटी सांगतो.

मग झाकणाच्या आत आम्ही मालाची यादी चिकटवली: मूठ, पाती, दोन दोऱ्या, साईट, दांडे, बाण किती. खाली दोरी आणि मूठ यांतील अंतर व साईटवरील खुणांची नोंद केली, म्हणजे नव्या मैदानावर धनुष्य पूर्ववत जुळवता येते. टाटानगरला उतरून तिने दूरध्वनी केला, "अण्णांना सांगा, यादीप्रमाणे सगळे आले."

परतल्यावर पेटी तशीच माळ्यावर टाकू नये. पावसात भिजलेले साहित्य पुसून, पेटी उघडी ठेवून पूर्ण वाळवावे आणि मगच बंद करावी.