विदूषकाचे ऋण

ज्याने आयुष्यभर हसविले त्याच्याकडून आपण पुढे काय मागतो? आणखी हसवावे, एवढेच. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या जीवनाकडे पाहताना हा विचार आम्हांस अस्वस्थ करतो.

२६ ऑक्टोबर १९५४ रोजी मुंबईत जन्मलेल्या या नटाने मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करीत रंगभूमीवर लहानसहान भूमिका केल्या. १९८३ च्या 'टूरटूर' नाटकाने त्यांचे नाव झाले. 'धूमधडाका' (१९८५) व 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) या चित्रपटांनी ते घरोघरी पोहोचले. आमच्या हिंगोलीकडे मुंबईचे नाटक क्वचितच येते. तरी 'लक्ष्या' कोण, हे येथे कोणास सांगावे लागत नाही.

१९९२ साली 'एक होता विदूषक' आला. लेखन पु. ल. देशपांडे यांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. तमाशातला सोंगाड्या मोठा नट होतो, राजकारणात ओढला जातो आणि आतून रिता होत जातो, अशी ती कथा. चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. प्रेक्षक मात्र लाभला नाही. लोकांना लक्ष्याचे अश्रू नको होते. पुढे ते पुन्हा विनोदाकडेच वळले. १६ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

हसणे श्रद्धेला परके नाही. इसहाक या नावाचा अर्थच 'तो हसतो' असा आहे. ख्रिस्तसभेत नटांचा आश्रयदाता मानला जाणारा संत जेनेसियस हा, परंपरेनुसार, रोममधील विनोदी नट होता. बाप्तिस्म्याची थट्टा करण्यासाठी तो रंगमंचावर उभा राहिला आणि तेथेच ख्रिस्ताचा झाला. आपल्या मराठवाड्यात पैठणच्या एकनाथांनीही भारुडातून हसत हसवत लोकांना शहाणे केले.

धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबात असा एक विदूषक असतो. लग्नघरी तो हवा असतो. दुःखाच्या घरीही त्याच्या येण्याने माणसे दोन घास जेवतात. त्याला दुःख नसतेच, असे आपण धरून चालतो. आजारी पडला तरी त्याने विनोदच करावा, अशी आपली अपेक्षा असते.

वाचकहो, अशा माणसाच्या घरी एकदा सवडीने जावे. त्याला काही करून दाखवावयास सांगू नये. 'तू कसा आहेस?' एवढे विचारावे, आणि तो गंभीरपणे बोलू लागला, तर हसू नये.