ओव्यांचा नेम, पुस्तकांचा आकडा

जानेवारी लागला की हल्ली आमच्या महाड-पोलादपूरच्या पोरांच्या मोबाइलवर एक आकडा फिरू लागतो. यंदा पंचवीस पुस्तकं, कुणाची चाळीस, एखाद्या जिद्दी मुलीची पन्नास. मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. पुस्तकासाठी कुणी नेम धरतंय, हीच केवढी मोठी गोष्ट! पण हे काहीतरी नवीन आहे असं कुणी म्हणालं की मला आमच्या जुन्या घरांच्या ओट्या आठवतात. वाचनाचा नेम या भागात फार जुना आहे. तेव्हा तो ओव्यांत आणि अध्यायांत मोजला जायचा.

लावणी आटपायची, श्रावण लागायचा आणि पोथी सुरू व्हायची. कौलांवर पाऊस, खांबाला कंदील, पाटावर पोथी. हरिविजयाचे ३६ अध्याय, रामविजयाचे ४०, पांडवप्रतापाचे ६४. रोज रात्री एक अध्याय धरला तरी पांडवप्रताप श्रावण ओलांडून भादव्यात, आणि भादवाही ओलांडून पुढे जायचा. अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही, हा दंडक. वाचणारा ओवी म्हणायचा आणि शेजारी बसलेला एक जाणता माणूस तिचा अर्थ साध्या बोलीत सांगायचा. ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेल्या बायका असायच्या, दिवसभर चिखलात राबलेले गडी असायचे. गेल्या वर्षी सांगितलेला अर्थ यंदा बदलला तर त्यांच्यातलंच कुणीतरी टोकायचं. ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं ती माणसं ग्रंथ असा तपासून ऐकत होती, हे आज आठवलं की ऊर भरून येतो.

पलीकडे शिवथरघळ. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला, अशी परंपरा आहे. १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ही जागा शोधून काढली. वीस दशकं, दोनशे समास. रोज एक समास घेतला तरी दोनशे दिवसांचं काम, आणि संपला की पुन्हा पहिल्यापासून. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर अक्षर कसं काढावं, ओळी कशा राखाव्यात यावरच आहे. त्या काळी ग्रंथ हवा असेल तर आधी तो हाताने उतरून काढावा लागे. संपला की पुन्हा पहिल्यापासून, असा दासबोध वर्षानुवर्षं म्हणणारे लोक आमच्या लहानपणी गावोगाव होते. आजच्या पन्नास पुस्तकांच्या हिशेबात, दुसऱ्यांदा किंवा दहाव्यांदा वाचलेलं पुस्तक मांडायचं कुठे?

पोथीशिवायची पुस्तकं मात्र दुर्मीळ. शाळेत एकच कपाट, त्याची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. शनिवारी ते उघडलं की ‘श्यामची आई’साठी नंबर लागायचा. पुस्तक घरी आलं की आधी थोरला भाऊ, मग आई, मग शेजारघर, आणि परत करायच्या दिवशी सकाळी घाईघाईने धाकटे. मुंबईला गिरण्यांत असलेले चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येताना रद्दीवाल्याकडचे जुने दिवाळी अंक, चांदोबा घेऊन यायचे. कधी कादंबरी हाती यायची तर तिची शेवटची पानंच नसायची. मग शेवट काय झाला असेल यावर नदीवर, वाटेत, गुरांमागे आठवडाभर वाद रंगायचा. पावसाळा आला की पुस्तकं माळ्यावर चढायची. सावित्री आणि गांधारी दोघी फुगल्या की महाडची बाजारपेठ पाण्यात, हे ठरलेलंच.

शेवट हरवलेली पुस्तकं म्हटलं की पोलादपूरची एक गोष्ट सांगायलाच हवी. कवींद्र परमानंदांची समाधी तिथे आहे. शिवाजी महाराजांचं चरित्र संस्कृतात रचणारा हा कवी. त्यांचं ‘शिवभारत’ आपल्या हाती अपुरंच आलं, बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच ते थांबतं. स. म. दिवेकरांनी ते मराठी भाषांतरासह १९२७ साली प्रसिद्ध केलं. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या पोलादपुरात वडापावासाठी थांबतात, पण या समाधीकडे वळणारे थोडेच.

त्याच १९२७ ने महाडला आणखी काही दिलं, आणि ते सांगितल्याशिवाय जुन्या ओट्यांचं कौतुक खरं ठरणार नाही. त्या ओटीच्या पायऱ्या सगळ्यांना चढता येत नव्हत्या. पोथी ऐकणाऱ्यांत कोण आत, कोण अंगणात आणि कोण अंगणाच्याही बाहेर, हे जातीने ठरवलेलं होतं. महाडजवळच्या रावढळचे, लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ नावाची पुस्तिका काढली. तिच्यात त्यांनी धर्माच्या जाणत्यांना २६ प्रश्न विचारले. शास्त्रांच्या आधाराने माणसाला दूर ठेवलं जात होतं आणि हा माणूस त्या शास्त्रांनाच जाब विचारत होता.

पुढे २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं. डिसेंबरात ते परिषदेसाठी बोटीने दासगाव बंदरात उतरून पुन्हा महाडला आले. त्या परिषदेत त्यांनी फ्रान्समधल्या १७८९ च्या राष्ट्रसभेचा दाखला दिला. समोर कोकणातल्या खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, आणि बोलणारा त्यांना सांगतो आहे की तुमची ही सभा त्या सभेच्या तोलाची आहे. कोलंबियात आणि लंडनमध्ये वाचलेलं त्यांनी महाडच्या मांडवात आणून लोकांच्या हाती दिलं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. ती बाबासाहेबांनी आधी पुरती अभ्यासली होती. चांगलं वाचणं म्हणजे काय याचा याहून मोठा धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही, आणि तो आमच्या गावात आहे.

आता दिवस पालटलेत. माझी पुतणी महाडच्या एमआयडीसीत नोकरी करते. कंपनीच्या बसमध्ये ती कानात हेडफोन घालून कादंबऱ्या ऐकते आणि संपलेल्या पुस्तकांची यादी मोबाइलवर ठेवते. ज्या ‘किशोर’ मासिकाच्या एका अंकासाठी आम्ही भांडलो, त्याचे १९७१ पासूनचे अंक तिला फुकट उघडता येतात. वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश तिच्या खिशात आहे. सुट्टीत ती आंबेनळी घाट चढून, महाबळेश्वर ओलांडून भिलारला जाऊन आली. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं आहे. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. आमच्या एका कपाटापासून इथवर आलो, याचा मला निखळ आनंद आहे. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही.

पण परवा ती म्हणाली, “काका, एकोणतीस झाली. पण त्यातली आठवतात चारच.” तिचा आवाज खिन्न होता. मी तिला म्हटलं, “बाळा, मग त्या चारांतलं एक पुन्हा वाच.” “पण यादीत धरायचं कसं?” तिने विचारलं, आणि खरी अडचण मला तिथेच दिसली. आमच्याकडे पुस्तकं कमी होती, म्हणून पुन्हा वाचणं आपोआप घडत होतं. तिच्यापुढे ढीग आहे, म्हणून ते तिला ठरवून करावं लागणार. पूर्वी निवड कपाट करायचं, आता ती आपल्याला करायची आहे. नेमाची गरज आमच्यापेक्षा आजच्या पोरांना जास्त आहे, फक्त तो आकड्यापाशी थांबू नये. वर्षाला पन्नास पुस्तकं सरसर संपवणाऱ्यापेक्षा पाच पुस्तकं पचवणारा मोठा वाचक, असं माझं स्पष्ट मत आहे.

२२ जुलै २०२१ च्या पुराने महाडात घरांचे तळमजले बुडवले. किती घरांतली पुस्तकं, वह्या, पोथ्या चिखलात गेल्या. फुगलेली, एकमेकांना चिकटलेली पानं लोक उन्हात सुकवत होते. गेलेल्या त्या पुस्तकांच्या जागी नवी आणताना तरी कोणती निवडायची याचा आपण विचार करावा.

म्हणून महाड-पोलादपूरच्या, आणि इथून मुंबई-पुण्याला गेलेल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. यंदाच्या यादीत आपल्या तालुक्याचं एक पुस्तक असू द्या: दासबोध घ्या, शिवभारताचं भाषांतर घ्या, नाहीतर धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र. एक पुस्तक पूर्वी वाचलेलं असू द्या. एक घरात मोठ्याने वाचा, आजीला आणि पोरांना शेजारी बसवून, आणि वाचताना पडलेले प्रश्न वहीत लिहून ठेवा. वलंगकरांनी २६ लिहिले, आपले पाच तरी असावेत. आणि जवळच्या वाचनालयाची वर्गणी याच महिन्यात भरा.